एक्सप्लेनर : दादासाहेब फाळकेंची फिल्म आणि टेस्ट किटमधली पांढरी पट्टी, दोन्हींत एकच पदार्थ! कसा?

कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेली रॅपिड टेस्ट किट आठवते? नमुन्याचे थेंब टाकायचे आणि पांढऱ्या पट्टीवर एक रेषा येते की दोन, हे श्वास रोखून पाहायचे. गर्भधारणेची घरगुती चाचणीही याच पद्धतीची. ती पांढरी पट्टी बहुतेक वेळा नायट्रोसेल्युलोज नावाच्या पॉलिमरची असते. हे नाव अनोळखी वाटेल, पण नाशिकचे या पदार्थाशी नाते शंभर वर्षांहून जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी आपले मूकपट ज्या फिल्मवर टिपले, ती याच पदार्थाची होती.

कॅमेऱ्याआधीची शिदोरी

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालय आणि पुढे बडोद्याचे कलाभवन असे त्यांचे शिक्षण झाले. चित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते डार्करूममध्येही तितकेच रमले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, फोटोलिथो छपाई हे सारे ते शिकले. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्यात छापखाना. तिथे भागीदारांशी बिनसले आणि त्यांनी तो व्यवसायही सोडला.

त्या काळच्या फोटोलिथोसारख्या प्रक्रियांत जिलेटिनमध्ये डायक्रोमेट मिसळत. उजेड पडेल तिथे जिलेटिन घट्ट होई, बाकीचे कोमट पाण्यात धुऊन जाई. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून मिळणारे प्रथिन. थोडक्यात, पृष्ठभागावर प्रथिन कुठे टिकेल आणि कुठून निघून जाईल, हे ठरवणे छपाईवाल्यांचा रोजचा उद्योग होता. आजच्या बायोसेन्सरवाल्यांची डोकेदुखी हीच आहे.

१९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळके झपाटले. सतत चित्रपट पाहण्याने डोळ्यांवर ताण आला, काही काळ दृष्टीही गेली. बरे होताच विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणले. कोडॅकची कोरी फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम पत्नी सरस्वतीबाई करत. दागिने विकायला दिले तेही त्यांनीच. या साहसाचे श्रेय वाटताना त्यांचे नाव नेहमी दुसऱ्या ओळीत का जाते, कळत नाही.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे घडू लागले.

फिल्म म्हणजे नेमके काय?

कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. त्यात कापूर मिसळून लवचिक, पारदर्शक पट्टी बनते. तिच्यावर चांदीचे क्षार धरून ठेवणाऱ्या जिलेटिनचा थर देतात. अडचण अशी की जिलेटिन पाणी ओढून घेते आणि पट्टीला पाणी नको असते. धुताना थर सुटू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये आणखी एक पातळ थर देत. त्यात जिलेटिन आणि थोडे नायट्रोसेल्युलोज, म्हणजे दोन्हीकडचा एकेक गुण. बायोसेन्सरच्या चकतीवर आज रेणू बसवण्याआधी पॉलिमरचा थर देतात, तोही असाच मध्यस्थ.

टेस्ट किटमध्ये हाच पदार्थ स्पंजसारखा सच्छिद्र असतो आणि त्यावर प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची रेघ ओढून वाळवतात. वेगळा गोंद लागत नाही, प्रथिने या पदार्थाला आपोआप चिकटतात. नमुन्यात विषाणूचे प्रथिन असेल, तर सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेल्या अँटिबॉडी त्याला धरून पुढे सरकतात आणि रेघेवर अडकतात. दिसणारा लालसर रंग बहुतेक किटमध्ये याच सोन्याचा असतो.

नायट्रोसेल्युलोज प्रथिन पकडताना निवड मात्र करत नाही. इंजिनिअरिंगला असताना मी अशा पडद्याला हातमोजे न घालता हात लावला होता. प्रयोगाच्या शेवटी अपेक्षित पट्ट्यांशेजारी माझ्या बोटांचे ठसे छान उमटले! शिवाय अँटिबॉडी कशीही आडवीतिडवी चिकटते आणि काहींचे पकडणारे टोकच दाबले जाते. म्हणून अधिक अचूक सेन्सरमध्ये सोन्याच्या पातळ थरावर डेक्स्ट्रानसारखे पॉलिमर लावून अँटिबॉडी रासायनिक बंधाने बांधतात. नको ते रेणू दूर ठेवायला पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे थर वापरतात.

चिकटले, पण टिकले का?

नाशिकमध्ये फाळके यांच्या कामाला बहर आला. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ गाजला, त्याच वर्षी ‘हरिश्चंद्र’ त्यांनी पुन्हा चित्रित केला. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. भागीदारांशी पुन्हा खटके उडाले, ते काशीला गेले आणि काही काळाने परतले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. नव्वदहून अधिक चित्रपट करणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये गेला, तेव्हा चित्रपटसृष्टी त्याला जवळजवळ विसरली होती.

फिल्मही त्यांच्या बाजूने राहिली नाही. नायट्रेट फिल्म जुनी झाली की तिच्यातून आम्लयुक्त वायू सुटतात. तेच जिलेटिनला विरघळवतात, चित्र पुसते, रीळ चिकट होते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. उष्णता आणि दमट हवेत हे झपाट्याने घडते. पेटली तर पाण्याखालीही जळत राहते, कारण ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा आगीत गेला.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी त्याआधीच फाळके यांची उरलीसुरली रिळे शोधून जमवली होती. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच हाती लागला आणि तोही १९१७ च्या आवृत्तीचा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा वाचला. त्यात बाळकृष्ण झाली आहे फाळके यांची मुलगी मंदाकिनी. सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतल्यामुळे ती आजही मोबाइलच्या पडद्यावर पाण्यात उडी घेताना दिसते.