विश्लेषण : रक्ताच्या कर्करोगाला चकवणारा ‘तोतया’ कोणी घडवला? कोण होते डॉ. सुब्बाराव?

अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग. पुणे असो वा बोस्टन, त्यावरील उपचारांत ‘मेथोट्रेक्सेट’ असतेच. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिथल्या संशोधनाची धुरा डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. या शोधाचा एक धागा मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जातो.

सुब्बाराव कोण होते?

आंध्रातील भीमावरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. स्प्रू या पचनाच्या आजाराने त्यांचे भाऊ दगावले. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये खादी वापरल्याने इंग्रज प्राध्यापकाची खप्पामर्जी झाली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या दुय्यम पात्रतेवर समाधान मानावे लागले. १९२३ मध्ये ते बोस्टनला पोहोचले. रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करत हार्वर्डमध्ये शिकले. तिथे मोलाचे संशोधन करूनही कायम नोकरी मिळाली नाही. अखेर १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली कंपनीत गेले.

मुंबईचा संबंध काय?

ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवतींचा गंभीर रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलिक अ‍ॅसिड. सुब्बारावांच्या चमूने १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. स्प्रूच्या रुग्णांनाही त्याचा उपयोग झाला.

औषध काम कसे करते?

पेशी दुभंगताना नवा डीएनए लागतो आणि त्यासाठी फोलिक अ‍ॅसिड हवे. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना त्या वर्गातील संयुगे दिली, तेव्हा आजार उलट बळावल्याचे त्यांना दिसले. मग मार्ग उलटा धरला. लेडर्लीने फोलिक अ‍ॅसिडसारखेच दिसणारे, पण निकामी ‘अमिनोप्टेरिन’ बनवले. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईत गोंधळ घातला, तसा हा तोतया पेशीतील विकराला चिकटतो आणि खऱ्याची वाट अडवतो. डीएनए तयार होत नाही. वेगाने वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. तोंडाचे अस्तर आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही वेगाने वाढतात. म्हणूनच तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात.

पुढे काय झाले?

जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. १० मुलांमध्ये सुधारणा झाली, पण ती तात्पुरती होती. तरीही औषधाने ल्युकेमिया मागे हटतो, हे सिद्ध झाले. दोनच महिन्यांत, ५३व्या वर्षी सुब्बाराव गेले. पुढे अमिनोप्टेरिनची जागा त्याच्याच कुळातील मेथोट्रेक्सेटने घेतली. आज ते इतर औषधांसोबत देतात.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

देखभालीच्या टप्प्यात मेथोट्रेक्सेटची गोळी सहसा आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतू शकते. फोलिक अ‍ॅसिड असलेली टॉनिकेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. खरा आणि तोतया एकाच जागेसाठी झगडतात.