शब्दाची फोड करून सांगणारे दासोपंत



बाहेरगावचे पाहुणे नारायणगडाचे नाव ऐकले की तटबंदी किती, बुरूज शाबूत आहेत का, असे विचारू लागतात. आपल्या बीड जिल्ह्यात गड म्हणजे किल्ला नव्हे, उंचावर वसलेला वारकऱ्यांचा मठ, हे त्यांना सांगावे लागते. एका वाक्याचे काम. पण ते सांगायचे राहिले तर पाहुणा मनातल्या मनात किल्लाच पाहत बसतो.

आमचीही अशीच फजिती झाली. धर्मशिक्षणाच्या वर्गात तारण या विषयावर आम्ही पंधरा मिनिटे बोललो. शेवटी एका मुलाने विचारले, बँकेत जमीन ठेवतात ते तारण का हे? वर्ग हसला, आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र लक्षात आले की तारण म्हणजे काय, हे त्या पंधरा मिनिटांत आम्ही एकदाही सांगितले नव्हते. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यात राहून गेलेल्या, शब्दांची फोड करून सांगणाऱ्या दासोपंतांची ओळख करून देत आहोत.

दासोपंतांचा जन्म १५५१ सालचा, नारायणपेठचा. हे गाव आज तेलंगणात आहे. वडील दिगंबरपंत देशपांडे, आई पार्वतीबाई. मुलूख बीदरच्या बरीदशाहीचा. परंपरेने चालत आलेली हकिगत अशी की, दुष्काळात दिगंबरपंतांनी धान्याची कोठारे लोकांना खुली केली, सरकारी वसूल भरायचा राहिला आणि सुलतानाने लहानग्या दासोला ठेवून घेतले. महिन्याची मुदत दिली. रक्कम आली नाही तर मुलगा परत मिळणार नव्हता. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाच्या कोणा माणसाने सगळी रक्कम भरली आणि मुलगा घरी आला. तो माणूस म्हणजे साक्षात दत्तात्रेय, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पुढे दासोपंतांनी घर सोडले, माहूरला बारा वर्षे उपासना केली आणि शेवटी अंबाजोगाईला येऊन राहिले. १६१५ साली त्यांनी तेथेच देह ठेवला.

त्यांनी लिहिले अफाट. रोज एका ढबूची शाई लागे, असे लोक सांगत. गीतेवरील त्यांच्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख, अशी परंपरा आहे. खरे सांगायचे तर एवढा विस्तार नुसता चाळतानाच दम लागतो. पण त्यातली एक जागा फार मोलाची आहे. मराठीला कमी लेखणाऱ्यांना पंत तेथे भांड्यांचा दाखला देतात. संस्कृतात घट म्हटले की संपले. आपल्याकडे डेरा वेगळा, रांजण वेगळा, सुगड वेगळे, तवली वेगळी. रांजण हवा असताना कोणी सुगड आणून ठेवले तर घरातली बाई काय म्हणेल, ते आम्ही सांगायला नको!

अंबाजोगाईची पासोडी तर पुष्कळांनी ऐकली असेल. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड. असल्या सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर पंतांनी पंचीकरण लिहिले. शब्द अवघड वाटतो, हिशोब सोपा आहे. पृथ्वी, पाणी, तेज, वायू आणि आकाश ही पाच तत्त्वे एकमेकांत कशी मिसळली, याचा तो विचार. एकेक तत्त्व रुपया धरा. त्यात आठ आणे स्वतःचे आणि बाकीच्या चौघांचे दोन-दोन आणे. हे वेदान्ताचे शास्त्र, आपल्या श्रद्धेचा भाग नव्हे. पण ते कापडावर मांडले की पसरून, बोट ठेवून दाखवता येते. पंतांच्या मनात तेच असावे असे आम्हांला वाटते.

ह्याच काळात तिकडे गोव्याच्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) हीच अडचण सोसत होते. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. स्वर्गासाठी त्यांनी लोकांच्या ओळखीचा वैकुंठ शब्द घेतला, बाप्तिस्म्याचे नाव मात्र परकेच ठेवले. ओळखीचा शब्द जुना अर्थ बरोबर घेऊन येतो, परका शब्द बंद पेटीसारखा राहतो. दोन्हींना फोड लागतेच.

पुढच्या रविवारी वर्गात आम्ही दासोची गोष्ट सांगितली. वसुलापोटी ठेवून घेतलेला मुलगा, म्हणजे बँकेतले तारण. दुसऱ्याने पदरची रक्कम भरून त्याला सोडवले, ते आपण मिस्सात म्हणतो ते तारण. आपल्यासाठी ती किंमत प्रभू येशूने क्रुसावर भरली. मुलांना पटले. एवढ्यात त्याच मुलाने पुन्हा हात वर केला : दासोचे पैसे सुलतानाला मिळाले, मग येशूने भरलेली किंमत कोणाला मिळाली?

हा प्रश्न आम्ही फादरांकडे पाठवला आहे.