नांगराचे भांडवल

जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांचे कारखाने आहेत, बियाणे उद्योग आहे आणि त्यांच्या आधाराने चालणारी लहानमोठी वर्कशॉप्स आहेत. इथली मुले माझ्याकडे वाणिज्य शिकायला येतात. कुणाच्या घरी नवे यंत्र घ्यायचे चाललेले असते, कुणाला वडिलांची शेड वाढवायची असते. कर्ज किती मिळेल, हा त्यांचा पहिला प्रश्न. ते कशासाठी आणि किती काळासाठी, हे मागाहून सुचते. अशा वेळी मी सूत्रे बाजूला ठेवतो आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगतो.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान होतेच. त्याच्या जोडीला कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

नांगर मात्र खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. विचार करा, अशा मालावर दरमहा हप्त्याचे कर्ज काढले असते, तर नांगर चांगला असूनही कारखाना बुडाला असता!

पुढे नगरपालिकेने जागा सोडायला लावली. १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळची ओसाड, निवडुंगाने भरलेली जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पैसा धीराचा होता, म्हणून माळावर गाव वसवण्याचे धाडस पेलले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. भागधारक नफ्यातोट्यात वाटेकरी असतो. मंदीच्या वर्षी तो हप्ता मागायला दारात येत नाही. मात्र असा भागधारक मिळायला आधी काम दिसावे लागते, आणि तोवर नांगराने नाव कमावले होते. लक्ष्मणराव १९५६ साली गेले.

यातून आमच्या मुलांनी काय घ्यावे? भंगार विकत घेऊन सळई विकेपर्यंतचा काळ थोडा. त्याला बँकेचे खेळते भांडवल पुरते. शेड आणि यंत्र यांचे पैसे फिटायला मात्र वर्षे लागतात. त्यासाठी घरची शिल्लक, भागीदार किंवा लांब मुदतीचे कर्ज हवे. थोड्या मुदतीच्या पैशावर लांबचे काम उभारले, की चालता कारखानाही एका मंदीत अडकतो आणि तारण ठेवलेले राहते घर धोक्यात येते.

म्हणून वर्गात मी दोन रकाने आखायला लावतो. एकात पैसा कधी सुटेल ते, दुसऱ्यात तो कधी परत करायचा ते. दोन्ही तारखा जुळल्या, तरच बँकेची पायरी चढायची.