तितोव्ह यांची मळमळ

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अवकाशात झेपावले, तेव्हा ऐनवेळी त्यांची जागा घ्यायला आणखी एक वैमानिक अवकाशपोशाख चढवून तयार होता. त्याचं नाव घेरमान तितोव्ह. अल्ताई प्रांतातल्या शिक्षकाचा हा मुलगा. त्याच वर्षी ६ ऑगस्टला, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तितोव्ह यांची पाळी आली.

गागारिन १०८ मिनिटांत परतले होते. तितोव्ह यांना मात्र अख्खा दिवस वर काढायचा होता. वजनच नसेल तर माणूस झोपू शकतो का, हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं.

कक्षेत पोहोचताच आपण उलटे झालो आहोत, असं त्यांना वाटू लागलं. पुढे मळमळ सुरू झाली. डोकं हलवलं की ती वाढे. खाल्लेलं उलटून पडलं. धडधाकट लढाऊ वैमानिकाची ही अवस्था!

यात भित्रेपणाचा संबंध नव्हता. आपल्या आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. गुरुत्वाकर्षणामुळे ते खाली ओढले जातात आणि ‘खाली’ कुठे हे मेंदूला कळतं. वजनरहित अवस्थेत ही खूण नाहीशी होते. डोळे एक सांगतात, कान दुसरंच. घाटात एसटी लागते, तीही डोळ्यांच्या आणि कानांच्या अशाच भांडणातून. त्यात पायांकडचं रक्तही डोक्याकडे सरकतं आणि चेहरा जड होतो.

झोपताना हात तरंगू लागले, म्हणून तितोव्ह यांनी ते पट्ट्याखाली अडकवले. मग ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्तच झोपले. उठल्यावर हळूहळू बरं वाटू लागलं. १७ प्रदक्षिणा घालून, २५ तास १८ मिनिटांनी ते उतरले.

परतल्यावर त्यांनी त्रास लपवला नाही. वैमानिकाला असं सांगणं महागात पडू शकतं, हे ध्यानात घेतलं तर या कबुलीचं मोल कळतं. पुढचं सोव्हिएत उड्डाण वर्षभराने झालं, आणि दरम्यान कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागाच्या सरावावर अधिक भर दिला गेला. आज आपल्याला माहीत आहे की निम्म्याहून अधिक अवकाशवीरांना हा त्रास होतो आणि बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत ओसरतो.

तितोव्ह पुन्हा अवकाशात गेले नाहीत. सोव्हिएत लष्कराच्या अवकाश विभागात त्यांनी पुढे बरीच वर्षं काम केलं. सप्टेंबर २००० मध्ये, वयाच्या ६५व्या वर्षी, मॉस्कोत त्यांचं निधन झालं.