बाराव्या वर्षापर्यंत धड वाचता न येणाऱ्या सयाजीरावांनी गावोगावी फुकट लायब्ररी पोहोचवली

अमेरिकेत आपल्या शहरातल्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड असलं, की ‘लिबी’सारख्या ॲपवरून नवंकोरं, गाजत असलेलं ई-पुस्तक घरबसल्या वाचायला मिळतं. मागणी जास्त असेल तर नंबर लावायचा. मुदत संपली की पुस्तक मोबाइलमधून आपोआप परत जातं, त्यामुळे उशिराचा दंडही नाही. वाचकाला हे सगळं फुकट, कारण पैसे मुख्यतः लोकांच्या करातून येतात.

वाचक लायब्ररीपर्यंत येऊ शकत नसेल, तर पुस्तकानं वाचकाकडे जायचं आणि खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा, अशी ही साधी कल्पना आहे. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी ती आपल्याकडच्या एका राजानं खेड्यापाड्यांत राबवली होती. तेव्हा ॲप नव्हतं, लाकडी पेट्या होत्या.

हा राजा म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे. बाबासाहेबांना परदेशी शिकायला पाठवणारे महाराज म्हणून ते आपल्याला माहीत असतात. त्यांच्या लायब्ररीची गोष्ट मात्र फार कुणी सांगत नाही.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म 11 मार्च 1863 चा. गाव कवळाणे, आजच्या नाशिक जिल्ह्यातलं. नाव होतं गोपाळराव आणि घर शेतकऱ्याचं. गायकवाड घराण्याची ही दूरची शाखा होती, राजवाड्याशी रोजचा काही संबंध नव्हता.

1875 साली इंग्रजांनी बडोद्याचे महाराज मल्हारराव यांना गादीवरून काढलं. मग दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी मुलगा शोधायला सुरुवात केली. निवड झाली बारा वर्षांच्या गोपाळची, आणि त्याचं नाव झालं सयाजीराव.

प्रॉब्लेम असा होता, की या नव्या महाराजांना लिहिता-वाचता जवळपास येतच नव्हतं. त्यांच्यासाठी इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांना एकाच वेळी शिकाव्या लागल्या. वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे 1881 च्या डिसेंबरमध्ये, राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हातात आला.

शाळा झाली, पुढे काय?

1893 मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. 1906 मध्ये ते संपूर्ण संस्थानाला लागू झालं. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मुलखात तेव्हा असा कायदा नव्हता.

पण यातून एक नवीच अडचण पुढे आली. मुलं चार इयत्ता शिकायची आणि शेतावर जायची. गावात वाचायला काहीच नसायचं, त्यामुळे काही वर्षांत शिकलेलं विसरून जायची. म्हणजे शाळेवरचा खर्च पाण्यात.

आपल्याकडे लायब्ररी नव्हत्या असं नाही. पुण्यातलं नगर वाचन मंदिर 1848 सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. पण अशा लायब्ररी शहरांत असायच्या आणि वर्गणी भरणाऱ्यांवर चालायच्या. खेड्यातल्या शेतकऱ्यानं काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

अमेरिकेतून माणूस आणला

1906 मध्ये सयाजीराव अमेरिकेला गेले. तिथल्या सार्वजनिक लायब्ररी त्यांनी पाहिल्या, आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला थेट बडोद्याला बोलावून घेतलं.

बॉर्डन तीन वर्षं राहिले. बडोद्यात सेंट्रल लायब्ररी उभी राहिली आणि तिच्यासाठी महाराजांनी आपल्या राजवाड्यातली सुमारे 20 हजार पुस्तकं देऊन टाकली. ग्रंथपाल तयार करण्यासाठी वर्ग सुरू झाले. 1912 मध्ये लायब्ररी या विषयावरचं एक नियतकालिकही निघालं. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांतले लेख असायचे.

सेंट्रल लायब्ररीत बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी गावोगावी चित्रं आणि सिनेमा दाखवणारं खातंही होतं.

पेटीतली लायब्ररी

ज्या गावात लायब्ररी नाही तिथे फिरती लायब्ररी जायची. निवडक पुस्तकं एका मजबूत लाकडी पेटीत भरायची आणि गावाकडे रवाना करायची. गावातला एखादा जबाबदार माणूस ती ताब्यात घ्यायचा आणि लोकांना पुस्तकं द्यायचा. वाचून झाली की पेटी परत. ने-आण करण्याचा खर्च सरकारचा.

गावाला स्वतःची लायब्ररी हवी असेल तर त्यासाठी एक सोपा हिशेब होता. एक तृतीयांश पैसे गावानं जमवायचे, एक तृतीयांश प्रांत पंचायत देणार आणि उरलेले एक तृतीयांश सरकार देणार. महाराजांनी सगळेच पैसे दिले असते तर ती सरकारची लायब्ररी झाली असती. गावानं आपला वाटा घातल्यामुळे ती गावाची झाली. मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्ते आधीपासूनच गावागावांत वाचनालयं काढत होते. त्यांच्या कामालाही यामुळे बळ मिळालं. बघता बघता लायब्ररी असलेल्या गावांचा आकडा हजाराच्या पुढे गेला.

कायद्यानं न सुटलेली गोष्ट

हे सगळं वाचून बडोद्यात रामराज्य होतं असं वाटेल, पण तसं नव्हतं. 1913 मध्ये महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करारानुसार बाबासाहेब 1917 मध्ये बडोद्यात नोकरीला आले. पण कचेरीत त्यांच्या वाट्याला अपमान आला आणि शहरात राहायला कुणी जागा देईना. एका पारशी खानावळीतून त्यांना हुसकावून लावलं गेलं आणि शेवटी त्यांना बडोदं सोडावं लागलं. राजाला पुस्तकं गावापर्यंत नेता आली, पण आपल्याच राजधानीतली माणसं बदलता आली नाहीत.

पेटी ते मोबाइल

1932 मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष सयाजीराव होते. 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 1949 मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मांडवी भागातली सेंट्रल लायब्ररी आजही सुरू आहे.

आजच्या ई-पुस्तकात आणि त्या पेटीत एक मोठा फरक आहे. पेटीतलं पुस्तक एकदा विकत घेतलं की ते लायब्ररीच्या मालकीचं व्हायचं, फाटेपर्यंत फिरायचं. ई-पुस्तकाचा बहुतेक वेळा फक्त परवाना मिळतो. अनेक प्रकाशकांचा परवाना ठरावीक मुदतीपुरता असतो आणि मुदत संपली की लायब्ररीला पुन्हा पैसे मोजावे लागतात.

म्हणजे पुस्तक पोहोचवणं आता एका क्लिकचं काम झालंय, पण त्याचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न तसाच आहे. सयाजीरावांनी त्यावर तीन वाट्यांचं उत्तर काढलं होतं, आणि त्यातला एक वाटा गावातल्या लोकांचा होता.