फ्लॉरेन्स किती लांब?

आजऱ्याच्या आमच्या घरात पृथ्वीचा एक जुना गोल आहे. परवा नातवाने त्यावर दोरा ताणला आणि विचारले, आजोबा, इटलीतले फ्लॉरेन्स इथून किती लांब? हिशेब केला, तर सरळ आकाशमार्गाने सुमारे ६,६०० किलोमीटर भरले. मुंबईहून निघून वाटेत एकदा विमान बदलले की माणूस दिवसभरात तिथे पोचतो. मला मात्र दोऱ्याच्या त्या टोकाला विशीतला एक राजा दिसू लागला.

ते छत्रपती राजाराम महाराज. कोल्हापूरच्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे ते राजाराम महाराज नंतरचे. विमानतळ १९३९ सालचा. मी सांगतोय ते पाटणकरांच्या घरातून १८६६ साली गादीवर दत्तक आलेले. आमचा आजरा तेव्हा इचलकरंजी जहागिरीत आणि जहागीर कोल्हापूरच्या छत्राखाली, म्हणजे ते आमचेही राजेच.

समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारा तो काळ. तरी १८७० च्या मे महिन्यात महाराज विलायतेला निघाले. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, त्यामुळे पुण्यापर्यंतचा प्रवास रस्त्यानेच! पुढे आगगाडी, मग मुंबईहून आगबोट. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता. लंडन गाठेपर्यंत जून उजाडला. आज मुंबईहून लंडनला नऊ-दहा तास पुरतात. तिथे महाराजांनी पार्लमेंट पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, आणि हे सारे ते स्वतः इंग्रजीत रोजनिशीत टिपत राहिले. ती रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनमध्ये छापून आणली.

परतीला मात्र वाट वाकडी झाली. जुलैत फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले होते, पॅरिसला वेढा पडला होता. म्हणून नोव्हेंबरच्या थंडीत बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया असा वळसा घेऊन महाराज इटलीत उतरले. आजारपण बळावलेले. घर अजून काही आठवड्यांच्या अंतरावर. ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच त्यांनी देह ठेवला. समुद्राखालची तार त्याच वर्षी मुंबईपर्यंत जोडली गेली होती. बातमी तारेने तासांत येऊ शकत होती, माणूस नाही.

आता अंत्यसंस्कार कसा करायचा? ख्रिस्ती शहर, तिथे दहनाची रीत नाही. सोबतच्या माणसांनी नदीकाठ मागितला आणि अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात चिता पेटली. आमच्या रामतीर्थावर हिरण्यकेशीचे पाणी पाहताना मला हे नेहमी आठवते. घरापासून इतक्या दूरही त्या माणसांना वाहते पाणी हवे होते.

त्या जागी १८७४ साली छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. जवळच १९७८ साली आर्नोवर मोठा पूल झाला, त्याला तिथले लोक भारतीयाचा पूल म्हणतात. नातवाने गोलावर त्या ठिकाणी पेन्सिलीने ठिपका केला आहे.