सहा ठिपक्यांचा लढा

कूपव्रे गावच्या एका खोगीर बनविणाऱ्याचा मुलगा लुई ब्रेल तिसऱ्या वर्षी वडिलांच्या हत्याराने जखमी झाला आणि पुढे दोन्ही डोळ्यांनी अंध झाला. १८१९ साली, दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या अंधशाळेत घालण्यात आले. तेथील ग्रंथांत डोळसांचीच अक्षरे उठावाने छापलेली असत. ते अवजड व खर्चिक तर होतेच. पण मुख्य अडचण ही की, त्या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिणे जवळजवळ अशक्य होते. शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची लिपी शाळेत आली, तेव्हा लुईने ती बोटाच्या एका टोकाखाली मावेल अशा सहा ठिपक्यांवर आणली. त्या वेळी तो अवघा पंधरा वर्षांचा होता!

पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. त्यांच्या लिपीला मात्र दार बंदच राहिले. डोळस शिक्षकांना वाचता येईल तीच लिपी ग्राह्य, असा व्यवस्थापकांचा हिशेब होता. सोय एकाची, भुर्दंड दुसऱ्याला! १८४० नंतर तर काही काळ तिच्यावर बंदीच आली. तरीही एकत्र राहणारी मुले ती एकमेकांना शिकवीत राहिली. ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल क्षयाने निवर्तले. शाळेची अधिकृत मान्यता १८५४ साली आली.